जाळ्याचा वाटा

पूर्णगड,
९ जुलै २००१

चि. रुपालीस आजीचा आशीर्वाद. एक की अनेक, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तू गेल्याला महिना होत आला आणि तुझ्याकडून आलं काय, तर सरपंचाच्या फोनवर दोन शब्द: पोचले, जेवले. अगो, एवढं तर आपली म्हैससुद्धा सांगते. फोनवर मला बोलता येत नाही. सरपंचाची बायको दारात उभी राहून कान लावते आणि मग माझंच बोलणं मला दुसऱ्या दिवशी विहिरीवर ऐकायला मिळतं. म्हणून पत्र.

पत्र नसीमा लिहिते आहे. तिचा अझीम मस्कतला गेल्यापासून तिच्याइतकी पत्रं या वाडीत कोणी लिहीत नाही. मी तिला म्हटलं, बाय, घोवाला लिहितेस ते अक्षर मला दे, मजकूर तो नको. ती हसते आहे. हे लिहू नकोस म्हटलं, तर तेच आधी लिहून मोकळी झाली.

आता कामाचं. त्या मुंबईच्या संस्थेने तुला डोंगरातल्या शाळेत पोरांना खेळ आणि गाणं शिकवायला नेमलं, हे मी गावभर सांगितलं. खेळाचं लोकांना पटलं. खोखोत तू अख्खा जिल्हा पळवला होतास. पण गाणं म्हटल्यावर पहिलं बाबल्या गुरव हसला. त्याला हक्क आहे. तू लहानपणी आरतीला तोंड उघडलंस की तोच बिचारा घंटा जोरात बडवायचा. मुलाखतीत तू त्यांना नक्की काय सांगितलंस ते मला कळव.

तुझ्या बापाचं म्हणणं तुला माहीतच आहे. एक वर्ष. वर्षाच्या शेवटी संस्था तुला पुढे ठेवते म्हणाली तर दाजी गप्प बसेल. नाही म्हणाली तर मे महिन्यात राजापूरच्या त्या काजूवाल्याशी लग्न. दाजी माझाच मुलगा, एकदा बोलला की खुंटा. मी मध्ये पडणार नाही. मी म्हातारी बाई, मला काय कळतं.

भागूबाई
(अंगठा नसीमाने घेऊ दिला नाही, पत्र खराब होतं म्हणाली.)


कातळवाडी, ता. संगमेश्वर,
२८ जुलै २००१

ती. आजीस,
नमस्कार. पायाला हात लावला असं समज, इथून पोचत नाही.

माझं छान चाललं आहे. शाळा छान आहे. मुलं शिस्तीची आहेत. सकाळी कवायत होते, दुपारी गायन. संस्थेने पेटी पाठवली आहे, तिचा आवाज गोड आहे. हेडमास्तर गुरुजी फार सहकार्य करतात. पालकांनाही आनंद आहे. मुलाखतीत मला "गाता येतं का" असं विचारलं आणि मी खरं तेच सांगितलं.

बाबांना सांग, काळजी नको. नसीमाभाभीला सलाम.

तुझी रुपाली


पूर्णगड,
१३ ऑगस्ट २००१

चि. रुपालीस,

तुझं पत्र नसीमाने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मला झोप लागली.

अगो, ज्या शाळेत दीड महिना पोरं धावली आणि एकाचाही गुडघा फुटला नाही, ती शाळा तू कागदावर बांधली आहेस. एकही पोर रडलं नाही, एकही आई भांडायला आली नाही, गुरुजी सहकार्य करतात! सहकार्य करणारा गुरुजी मी अजून बघितलेला नाही आणि मी जगले आहे पुष्कळ. दाजीला मात्र तुझं पत्र आवडलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि बंदरावर दाखवलं. म्हणजे आता त्याला खरं सांगायची पंचाईत तुझी तूच करून ठेवलीस.

मला खरं लिही. मी दाजीला सांगणार नाही. नसीमाच्या पोटातून तर काहीच बाहेर येत नाही, दोन मुलं तेवढी आली.

(आजी असं काहीही बोलतात. मला लिहावं लागतं. – नसीमा)

आजी


कातळवाडी,
५ सप्टेंबर २००१

आजी,

बरं, घे खरं.

मुलाखतीत मी "हो" म्हणाले. खेळ आणि गाणं दोन्ही शिकवणारी एकच बाई त्यांना हवी होती, आणि मला नोकरी हवी होती. वाटलं, लहान मुलांना कुठे कळतंय. त्यांना कळलं. पहिल्याच दिवशी मी पेटीवर गाणं धरलं तर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, पेटीला लागलंय काय?" तेव्हापासून मी गायला लागले की सगळा वर्ग कानात बोटं घालतो, आणि ते मात्र एकदम तालात.

कवायतीचं असं की सावधान म्हटलं की मुलं उभ्या उभ्या झोपतात. धावायला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी एक आई आली. मथुरा नाव, कोयता कमरेला. म्हणाली, "आमचं पोर दोन डोंगर उतरून शाळेत येतं नि दोन चढून घरी. आणखी त्याला धाववता कशाला? आणि गाणी म्हणायची तर शिमग्यात म्हणू की आम्ही." याला उत्तर काय द्यायचं? तुझ्याकडे आहे?

गुरुजी माझा तास गणिताला घेतात. मी काही म्हणत नाही. त्या वेळेत मुलं निदान कानात बोटं घालत नाहीत.

आणि संस्थेच्या कारखानीस बाई फेब्रुवारीत येणार आहेत. मुलांचा कार्यक्रम बघून त्या ठरवणार, इथला खेळ-गाण्याचा तास पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर मी पूर्णगडला, आणि मग काजू सोलायला राजापूरला. आजी, मला हे काम हवं आहे. का ते नीट सांगता येत नाही. आठवड्यातून एकदा लंगडी घेते तेव्हा ही मुलं जशी हसतात ना, ते सोडून मला यायचं नाही.

बाबांना सांगू नकोस.

रुपाली


पूर्णगड,
२ ऑक्टोबर २००१

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद. खरं लिहिलंस म्हणून वाढवून दिले.

उशीर झाला, कारण नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि नसीमा सापडली नाही. तिच्या माहेरी लग्न होतं. मधल्या वेळात मी विचार केला. तो करताना काल वाळूवर जाऊन बसले होते. गडी रापणीचं जाळं ओढत होते. बघता बघता मी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

अगो, तुला खेळ आणि गाणं दोन्ही एका तासात हवं, आणि सूर तर लागत नाही. मग रापण शिकव! रापणीला सुराचं काय काम? तुझा आजा आरोळी द्यायचा ती रेड्यासारखी. पण ती ऐकली की दोन्ही रांगांचे पाय एकदम मागे पडायचे. गाणं थांबलं की जाळं थांबलं, पाय चुकला की गाणं तुटलं. याहून वेगळी ती कवायत काय असते?

डोंगरातल्या पोरांना नीट समजाव. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेर घेते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर, ते काठावर. काठावरची माणसं दोन रांगा करून, टाच वाळूत रोवून, मागे मागे सरत ओढतात. एकजण आरोळी देतो, बाकीचे "होऽ हो" म्हणतात आणि त्या "हो"वर ओढतात. बस.

आरोळी देते, लिहून घे:

ओढा मुलांनो ओढा, होऽ हो!
आळस सारा सोडा, होऽ हो!
श्रमाची लागू दे गोडी, होऽ हो!
चला वल्हवू होडी, होऽ हो!

ही म्हण, पोरं नाचत ओढतील. शिव्यांची थोडी सवय लागेल, त्याला इलाज नाही.

घर बघायला यायची ती राजापूरची मंडळी अजून आलेली नाहीत. आली की कळवीन.

आजी


कातळवाडी,
२४ ऑक्टोबर २००१

आजी,

विहिरीचा जुना दोर घेतला आणि दोन रांगा केल्या. पहिल्यांदाच कोणी झोपलं नाही! ओढायला मुलांना फार आवडतं. दोन दिवस त्यांनी शाळेच्या पायरीला दोर बांधून शाळाच ओढली.

पण तुझी आरोळी काही चालत नाही. "श्रमाची लागू दे गोडी" म्हटलं की पोरं जांभया देतात. आणि आजी, शिव्या कुठे आहेत यात? मी चारदा वाचलं. शिवाय ओढणारे काठावर असताना होडी कोण वल्हवतं? तू असं कधी बोलतेस? लहानपणी वाळूवर मी ऐकलेली आरोळी वेगळी होती. आई माझे कान झाकायची, एवढं मला आठवतं.

रुपाली


पूर्णगड,
११ नोव्हेंबर २००१

चि. रुपालीस,

तुझं पत्र नसीमाने वाचलं आणि मध्येच तिला खोकला आला. मी म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा खोकला, त्याच जागी. तिसऱ्यांदा मी बाबल्या गुरवाला वाचायला बसवलं. मग कळलं. या नसीमाने माझी आरोळी धुऊन, निळीत घालून, इस्त्री करून तुला पाठवली! "आजी, पत्र शाळेत जातंय ना," म्हणते. श्रमाची गोडी! माझ्या आयुष्यात मी हा शब्द तोंडात घेतलेला नाही. आणि ही बाय खाडीच्या काठी जन्मली, सासरा होडी हाकणारा तांडेल, आणि काठावरून होडी वल्हवते!

(चुकलं. पण "गोडी"ला "होडी" जुळत होतं. – नसीमा)

आता खरी घे. आज बाबल्या समोर बसून लिहिलेलं तपासतो आहे. या आरोळीत ठरलेले शब्द थोडे, बाकी माणूस बघून जोडायचे. पहिला नियम हा की काठावर जो कोणी हात पाठीला लावून नुसता बघत उभा असेल, त्याचं नाव घ्यायचं, आणि तो दोरीला हात लावेपर्यंत सोडायचं नाही. हात लावला की लगेच गप्प, पुन्हा त्याच्यावर एक शब्द नाही. असं:

काठावर उभा कोण? होऽ हो!
बाबल्या, दुसरा कोण! होऽ हो!
हात का रे पाठीला? होऽ हो!
बायकोनं बांधले गाठीला! होऽ हो!
जेवायला सगळ्यांत पुढं! होऽ हो!
दोरीला बघून रडं! होऽ हो!

(याच्या पुढच्या दोन ओळी बाबल्याकाका लिहा म्हणतात, मी लिहिणार नाही. – नसीमा)

दुसरा नियम वाट्याचा. जाळं वर आलं की ज्याने दोरीला हात लावला त्या प्रत्येकाला मासळीचा वाटा. मग तो शेवटच्या घटकेला आलेला पाहुणा असो की पोर. आणि वाटा नाकारायचा नाही, तो अपमान. माणसांचे वाटे झाले की जाळ्याचा वाटा वेगळा. तो ज्याचं जाळं त्याचा.

आणि विहिरीचा दोर कसला ओढता! आज्याच्या वेळच्या जाळ्याचा एक तुकडा आणि दोर माळ्यावर होता, तो मी रत्नागिरीच्या गाडीने कंडक्टरकडे दिला आहे. रिकामं जाळं पाठवू नये म्हणून आत सुके बांगडे घातले आहेत. गुरुजींनाही दे चार.

राजापूरकडची मंडळी अजून काही आलेली नाहीत.

आजी

(रुपाली, आजी पाणी प्यायला उठल्यात, आणि बाबल्याकाकांना डुलकी लागलीय, तेवढ्यात लिहिते. राजापूरची मंडळी येऊन गेली. मुलगा वाळूवर आला, रापण चालू होती, आणि तो नाकाला रुमाल लावून उभा राहिला. पुढचं तुला सांगायला नको. आरोळी आजींनी स्वतः दिली. त्या दोन ओळींसकट. मंडळी चहासुद्धा न घेता गेली. दाजीकाका त्या वेळी होडीवर होते, त्यांना वाटतं ते लोक आलेच नाहीत. – न.)


कातळवाडी,
९ जानेवारी २००२

आजी,

जाळं पोचलं. त्याच्या आधी त्याचा वास पोचला. संगमेश्वरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "बाई, हे तुमचंच ना? घ्या लवकर. रत्नागिरीपासून माझ्या शेजारी कोणी बसलेलं नाही, तिकिटं मी लांबून फाडली." कातळवाडीपर्यंत गावातली सगळी कुत्री माझ्या मागे, आणि मी पुढे डोक्यावर जाळं घेऊन.

गुरुजी शुद्ध शाकाहारी. त्यांनी चार बांगडे बघितले आणि ते तीन दिवस वर्गात खिडकीपाशी उभे राहून शिकवत होते.

पण आजी, तुझी आरोळी! पहिल्याच दिवशी मुलांनी पकडली. मैदानावर समुद्र नाही आणि मासळी नाही, म्हणून आम्ही पहिलीची मुलं जाळ्यात बसवतो. ती मासे. मोठी मुलं दोन्ही दोर ओढतात आणि मासे वळवळत, किंचाळत काठाला येतात. कातळावर पेंढा पसरते, तरी एक-दोन गुडघे रोज फुटतात, तुझ्या समाधानासाठी लिहिते. मैना नावाची एक मासळी आहे, ती दर वेळी भोकातून निसटते आणि तिला पकडून पुन्हा आत घालावी लागते.

सुरात कोणी गात नाही. मी तर नाहीच. पण तालाला एक पाय चुकत नाही, आणि रोज कोणीतरी नवी ओळ जोडून आणतं. घरी जाताना डोंगर चढतानासुद्धा म्हणतात असं मथुराबाई सांगत होत्या. त्या तक्रार करायलाच आल्या होत्या. कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या, मुलांनी लगेच नाव घेतलं, "कमरेला कोयता कोणाचा?" पुढं काय, कोयता खाली ठेवून रांगेत! आता दर शनिवारी येतात. नंतर गुरुजींचा नंबर लागला:

गुरुजी उभे दारात, होऽ हो!
बांगडा शिरला नाकात, होऽ हो!

मला वाटलं माझी नोकरी आजच गेली. गुरुजी आले, एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने ओढलं. आता घंटा व्हायच्या आधी मैदानावर असतात आणि गणिताला तास मागत नाहीत.

फक्त एक काळजी. सतरा फेब्रुवारीला कारखानीस बाई येणार. फार कडक आहेत म्हणे, सारखं वहीत लिहितात. मी मुलांना शपथ घातली आहे, पाहुण्यांचं नाव घ्यायचं नाही. त्या जागी "काठावर कोणी नाही, कोणी नाही" असं म्हणायचं.

आणि राजापूरची मंडळी आली नाहीत ना अजून? सहज विचारते.

रुपाली


पूर्णगड,
२५ जानेवारी २००२

चि. रुपालीस,

राजापूरचं सहज विचारतेस! नसीमाकडे बघितलं तर ती शाईचं पेन झटकत बसली. मी काही विचारलं नाही. मंडळी आली नाहीत. ज्याने दोरीला हात लावला नाही तो आला असं मी धरतच नाही.

"कोणी नाही, कोणी नाही" हे काय काढलंस? बाई समोर खुर्चीत बसलेली, आणि पोरांनी म्हणायचं इथं कोणी नाही? अगो, नाव घेतलं तर माणूस चिडेल फार तर. नाव घेतलंच नाही म्हणजे आपण त्याला धरलंच नाही. आमच्याकडे ज्याच्याशी भांडण असतं त्याचं तेवढं नाव घेत नाहीत. तुझी तू बाई आहेस, तुला वाटेल ते कर. मी म्हातारी, मला काय कळतं.

दुसरं म्हणजे तुझा बाप त्या दिवशी तिकडे येतो आहे. बंदरावर कोणीतरी त्याला सांगितलं की संस्थेची बाई बंद करायलाच येते. म्हणाला, "मग सामान आणायला मीच जातो, पोरीला एकटीला ओझं होईल." मोठी पिशवी धुऊन वाळत टाकली आहे. ती वाळू नये म्हणून मी दोनदा सावलीत हलवली, पण ऊन फिरतं.

आजी


कातळवाडी,
२८ फेब्रुवारी २००२

आजी,

बाबांनी तुला काय सांगितलं माहीत नाही. मी माझ्याकडून सगळं सांगते.

कारखानीस बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, चष्मा, वही. पहिल्या रांगेत एकच खुर्ची, त्यावर त्या. बाबा फाटकापाशी उभे, हातात ती रिकामी पिशवी. माझ्याकडे बघेनात. मी बाईंकडे बघत होते आणि बाबांकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

मासे जाळ्यात बसले, रांगा लागल्या. सुरुवात चांगली झाली. बाई लिहीत होत्या. मग "काठावर उभा कोण?" आलं आणि मुलांनी म्हटलं, "कोणी नाही, कोणी नाही." इतकं मेलेलं "होऽ हो" मी कधी ऐकलं नव्हतं. पाय चुकले. दोर ढिला पडला. बाईंनी वहीत काहीतरी लिहून खाली रेघ मारली. आजी, ती रेघ मला अजून दिसते.

तेवढ्यात जाळ्यातून मैना उभी राहिली, बोट दाखवून ओरडली, "खोटं! आहे की! ती खुर्चीत बसलीय ना!"

सगळे हसले. आणि मग मोठी मुलं माझ्याकडे बघायला लागली. शपथ मी घातली होती, मीच सोडवायची होती. तुझं पत्र आठवलं. पेटी बाजूला सारली, तोंड उघडलं आणि माझ्या त्या आवाजात मीच आरोळी दिली. तुझ्या आयुष्यात तू ऐकली नसशील अशी. कुठेतरी गुरं हंबरली.

खुर्चीत बसलंय कोण? होऽ हो!

आता पोरं थांबतात होय?

मुंबईच्या बाई, दुसरं कोण! होऽ हो!
मांडीवर त्यांच्या वही! होऽ हो!
वहीत मासा येत नाही! होऽ हो!

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पेनाला टोपण लावलं. वही खुर्चीवर ठेवली, चष्मा वहीवर ठेवला. पदर खोचला आणि चालत आल्या. पण दोर धरला तो दुकानात साडीचं कापड बघतात तसा, दोन बोटांत.

आणि फाटकापासून बाबा गरजले, "अहो बाई, अशी नव्हे! कमरेला टेकवा! टाच रोवा, टाच!" पिशवी टाकली तिथेच आणि धावत आले. बाईंच्या मागे उभे राहून त्यांनी दोर घेतला. मग मुलांना ओरडायला लागले, "डावी रांग ढिली! कोण शिकवतं रे तुम्हाला?" मग आरोळी त्यांनीच उचलली. आजोबांचा आवाज असाच होता का? मासे एवढे जोरात काठाला आले की दोन मासे थेट गुरुजींच्या पायांवर.

मग वाटे. मासे म्हणजे पहिलीची मुलं, ती एकेकाच्या वाट्याला जातात आणि हात धरून उभी राहतात. मैना बाईंकडे गेली. "मी तुमचा वाटा," म्हणाली आणि बाई खुर्चीत बसल्याबरोबर मांडीवर बसली. बाईंनी वही घ्यायला हात केला, तर ती वहीवर सरकली. बाई म्हणाल्या, "अगं, मी तुला नेऊ कुठे?" गुरुजी अगदी गंभीरपणे म्हणाले, "वाटा नाकारता येत नाही, बाई. तसा नियम आहे."

मैना त्यांच्या बांगड्या मोजत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "मग माझा वाटा इथेच ठेवून जाते. पुढच्या वर्षी वाढला की नाही, बघायला येईन."

गुरुजींनी विचारलं, "म्हणजे तास चालू?"

"वाटा ठेवून कोणी बंदर बंद करतं का?" बाई म्हणाल्या. बंदर म्हणाल्या, आजी!

काल संस्थेचं पत्र आलं. तास चालू, मी चालू. बाईंचा शेरा सोबत आहे, त्यात गायनाच्या पुढे एवढंच: "शिक्षिकेस गाता येत नाही. मुले गातात. पुरेसे आहे."

बाबांचं मात्र मला काही कळलं नाही. दोर हातात घेऊन बराच वेळ तपासला, रिकामी पिशवी उचलली आणि शेवटच्या गाडीने गेले. मी अजून धास्तीत आहे. घरी काय म्हणाले?

रुपाली


पूर्णगड,
१४ मार्च २००२

चि. रुपालीस मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद. नसीमा म्हणते असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, तू वल्हव होडी.

तुझा बाप आला, पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी विचारलं, "पोरगी कुठाय?" म्हणाला, "दोर फार आखूड आहे त्यांचा." बस, एवढंच. दुसरा घास. तुझ्या आईने विचारलं, "अहो, नोकरीचं काय झालं?" म्हणाला, "आणि जुना. मध्येच तुटला तर पोरं तोंडावर पडतील."

त्या दिवसापासून पडवीत बसून नवा दोर वळतो आहे. होडीवर जायला उशीर करतो. काल मी जवळ जाऊन उभी राहिले, हात पाठीला लावून, नुसती बघत. वर न बघता म्हणाला, "जूनमध्ये शाळा उघडली की वाईच नेऊन देतो. डाव्या रांगेला टाच रोवायला कोणीतरी शिकवायला हवं." मी म्हटलं, "आणि राजापूर?" म्हणाला, "कोण राजापूर?" असा माझा खुंटा.

मग मीही सांगून टाकलं, ती मंडळी येऊन गेली आणि मी काय म्हटलं ते. दोन ओळींसकट म्हणून दाखवलं. तो इतका हसला की दोराचा पीळ सुटला आणि पुन्हा पहिल्यापासून वळावा लागला.

आता हिशेबाचं. बाईंना वाटा मिळाला, गुरुजींना मिळाला, दाजीलाही मिळाला असेल. पण जाळं माझं होतं. जाळ्याचा वाटा वेगळा असतो, हे मी तुला लिहूनच दिलं आहे, आणि तो अजून मला पोचलेला नाही. तर असं कर. शाळेला सुट्टी लागली की तो वाटा एस.टी.त बसवून पूर्णगडला पाठवून दे. खिडकीशी बसव, त्याला गाडी लागते. उतरवून घ्यायला मी येईन, आंबे घालीन, महिनाभर ठेवीन आणि जूनला नव्या दोराबरोबर परत लावून देईन.

फक्त त्याला म्हणावं, इथं आल्यावर आरतीला तोंड उघडायचं नाही. बाबल्याची घंटा आता जुनी झाली आहे.

तुझी आजी,
भागूबाई

(या वेळी अंगठा घेऊ दिला. – नसीमा)